हरकत नामंजूर

८ जानेवारी, मंगळवार

ही डायरी सरकारी आहे आणि फुकटची आहे. अशा डायऱ्यांचे गठ्ठे, पेनं, किल्ल्या अडकवायच्या साखळ्या आणि हिरव्या टोप्यांची दोन खोकी आमच्या भरती कचेरीत येऊन पडलीत. डायरीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी छापलंय, 'नव्या सैन्यात तुझी जागा राखून ठेवली आहे.' जागा आहे खरी, बसायला कुणी येत नाही. म्हटलं पोरं नेत नाहीत तर आपणच एक वापरू.

मी कासिमिरो लेदेस्मा, सुभेदार. सगळा जन्म पलटणीत सक्तीच्या पोरांना कवायत शिकवण्यात गेला. अठरा वर्षांचा झाला की कायदा पोराला कॉलर धरून आमच्यापुढे आणून उभा करायचा, आणि नऊ महिने तो आमचा. रडायचा, शिव्या घालायचा, पण यायचा. गेल्या एकतीस डिसेंबरला स्पेनच्या सरकारनं ते सगळं बंद केलं. आता पगारी सैन्य. ज्याला वाटेल त्यानं यावं. शेवटची तुकडी नाताळच्या आधी गेली तेव्हा एका कार्ट्यानं माझ्या गालावर थोपटलं आणि म्हणाला, "आजोबा, आता झाडू तुम्हीच मारा हं!" महिन्यापूर्वी त्याला मी आठवडाभर कोठडीत टाकला असता. मी नुसता हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मग मला इथं झामोरा शहरात, बाजारपेठेतल्या एका गाळ्यात आणून बसवलं. एका बाजूला चपलांचं दुकान, दुसऱ्या बाजूला केस कापायचं. हुकूम सोडणं मला येतं. आर्जवं करणं येत नाही. आज दिवसभरात एकच पोरगा आत आला. संडास कुठंय विचारलं, जाऊन आला, आणि जाताना दोन टोप्या घेऊन गेला.

१८ जानेवारी, शुक्रवार

मेजर लारेआंचा फोन. दर शुक्रवारी येतो. "लेदेस्मा, किती?" मी म्हटलं, "एकही नाही, साहेब." "जूनपर्यंत दहा हवेत. तुमच्या वयाच्या माणसाला मी सगळं समजावून सांगायचं का?" माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे हा माणूस. मी "होय साहेब" म्हणालो आणि त्यांनी ठेवल्यावर रिकाम्या फोनला शिव्या घातल्या. शेजारचा न्हावी भिंतीपलीकडून खोकला. म्हणजे त्यालाही ऐकू गेलं.

दुपारी वाल्देरुएलाचे सरपंच एलादियो आले. डोंगरातलं गाव, पोर्तुगालच्या हद्दीला लागून. त्यांची वेगळीच अडचण. दरवर्षी फेब्रुवारीत त्यांच्याकडे किंतोसचा सण असतो. किंतोस म्हणजे त्या वर्षी सैन्याच्या वयाला आलेली पोरं. ती दारोदार फिरून अंडी, सॉसेज, दारू गोळा करतात, चावट गाणी म्हणतात, आणि मग चौकात सगळ्या गावासमोर त्यांची उंची मोजून कोण योग्य, कोण अयोग्य ते पुकारलं जातं. "सक्ती गेली तरी सण थोडाच जाणार?" एलादियो म्हणाले. "पण आमची मोजायची पट्टी वाळवीनं खाल्ली. तुमच्याकडे जुनी असेल ना? आणि तुम्हीच या की वर्दीत. लोकांना बरं वाटेल. जेवण आमच्याकडे."

मी पट्टी शोधायला मागच्या खोलीत गेलो तेव्हाच माझ्या डोक्यात ती कल्पना आली. मेजरना फोन केला. ते पहिल्यांदाच खुशीत हसले.

३ फेब्रुवारी, रविवार

डोकं ठणकतंय. माझ्या बायकोनं, एल्वीरानं, कॉफी आपटून ठेवली आणि एक शब्द बोलली नाही. म्हणजे काल मी गाडीतून उतरताना गात असणार.

पण काय मजा आली! वाल्देरुएलाला पोचलो तर चौकात शेकोटी, शेकोटीवर अख्खं डुक्कर, आणि सात किंतोस. चार पोरं, तीन पोरी. पोरीही आता असतात. पहाटेपासून प्यायलेले, गळ्यात सॉसेजच्या माळा, गाढवाला सरपंचाची टोपी घातलेली. मला वर्दीत बघून म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्यानं तर सलाम ठोकला आणि आपला पलटण क्रमांक सांगितला. किती दिवसांनी कुणीतरी या वर्दीकडे धड बघत होतं! छाती आपोआप पुढे आली.

मोजणी जुन्या पद्धतीनंच केली. सरपंच नाव वाचणार, पोरगा बूट काढून फळीवर उभा राहणार, मी उंची पुकारणार आणि मग गावाला विचारणार, "कुणाची काही हरकत?" पूर्वी हा प्रश्न खरा असे. कुणाचे पाय सपाट, कुणाला फिट येते, कुणी विधवेचा एकुलता एक, ते त्या वेळी सांगायचं. विधवेच्या एकुलत्याला तर तिथल्या तिथे सोडून देत. त्यावर कधी वाद नसे. काल मात्र नुसती धमाल. "हरकत आहे! ह्याला नेलंत तर आमच्या कोंबड्या कोण चोरणार?" "साहेब, हा रात्री आईला उठवल्याशिवाय मुतायला जात नाही!" मी प्रत्येक वेळी पट्टी फळीवर आपटायचो आणि ओरडायचो, "हरकत नामंजूर! योग्य!" की लगेच बिगुल.

शेवटचा आबिलियो नावाचा पोरगा. उंच, हात फावड्याएवढे, लाजाळू. "कुणाची काही हरकत?" तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "माझी आहे. विधवेचा एकुलता मुलगा."

लोक खो खो हसले. "वा बासिलिसा! शोभलीस!" कुणीतरी ओरडलं. जुनं वाक्य बाईनं अगदी जसंच्या तसं म्हटलं होतं. मग बघितलं तर ती हसत नव्हती. काळा पोशाख, डोक्याला काळा रुमाल, हात पोटाशी धरलेले, आणि सरळ माझ्याकडे बघत होती. मी तोवर बरीच चढवली होती, आणि रंगाचा बेरंग होऊ द्यायचा नव्हता. पट्टी आपटली आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो, "हरकत नामंजूर! योग्य!" बिगुल वाजला, पोरांनी आबिलियोला खांद्यावर घेतलं. बाई रुमाल सारखा करून निघून गेली.

मग मी खिशातून अर्ज काढले. खरे अर्ज, भरतीचे. "चला, योग्य ठरलेल्यांनी सह्या करा!" दारूच्या धुंदीत सातांनीही केल्या. एका पोरीनं नावापुढे डुक्कर काढलं. अर्ज म्हणजे काही करार नव्हे. परीक्षेला यायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. यात फसवणूक कुठं आली?

४ फेब्रुवारी, सोमवार

मेजर खूश. "सात! लेदेस्मा, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात." डुकराचं मी बोललो नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

परीक्षेला सातांतला एकच आला. आबिलियो.

"बाकीचे कुठायत रे?"

"ते हसतायत, साहेब. त्यांना गंमत वाटली."

"आणि तुला?"

"मलाही गंमतच वाटली होती. मग घरी जाऊन विचार केला, का नको?" बूट एकमेकांवर घासत तो म्हणाला, "सैन्यात ट्रकचं लायसन्स मिळतं म्हणतात. मोठ्या ट्रकचं."

मिळतं, मी म्हणालो. हे खरं आहे, मिळतं. पोराचं डोकं चांगलं चालतं, परीक्षेत पैकीच्या पैकी. मग बाहेर येऊन तो दारातच घुटमळत राहिला. बाप ट्रॅक्टरखाली सापडून गेला तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून आईनं याला एक रात्र नजरेआड केलेलं नाही. घरात चौदा गाई आणि ही दोघं.

"तिला वाटतंय मला सक्तीनंच नेतायत, साहेब. तुम्ही चौकात हरकत नामंजूर केलीत ना. तिनं काही विचारलं नाही, नुसती म्हणाली, 'लागलाच का नंबर?' मी हो म्हणालो. आपणहून चाललोय हे तिला तोंडानं सांगणं मला जमायचं नाही. ती मरून जाईल." मग वर बघून म्हणाला, "काय करू?"

आता मी काय सांगायला हवं होतं? मला एक पोरगा हवा होता. मी म्हणालो, "तिला सक्तीचं वाटतंय ना? मग वाटू दे. तिलाही सोपं, तुलाही सोपं." त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की मलाही बरं वाटलं. त्याला मी टोपी आणि किल्लीची साखळी दिली.

२० फेब्रुवारी, बुधवार

बासिलिसाबाई आज कचेरीत आल्या. पहाटेच्या बसनं आल्या असणार, दार उघडलं तर पायरीवर उभ्या. मांडीवर पिशवी घेऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. पिशवीतून नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढला, घडीवर घडी पडलेला, आणि एक चीजचा गोळा, फडक्यात बांधलेला.

"साहेब, मी विधवा. एकच मुलगा. पूर्वी अशाला सोडत."

"पूर्वी सोडत, बाई."

"आता?"

मी टेबलावरची पेनं सरळ केली. "आता नियम बदललेत. ती सूट आता नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मला वाटलं, समजावं म्हणून बघतायत. अडाणी बाई, हळूहळूच डोक्यात शिरायचं. मग म्हणाल्या, "आणखी काही सांगण्यासारखं नाही का तुमच्याकडे?" मी म्हटलं, "नाही, बाई." त्या उठल्या. चीज परत घ्या म्हणालो तर म्हणाल्या, "आणलंय ते राहू दे."

मी एकही शब्द खोटा बोललो नाही. सूट नाही हे खरंच आहे. सक्तीच नाही तर सूट कसली?

चीज घरी नेलं. एल्वीरानं विचारलं कुठलं, तर सांगितलं सगळं, जरा फुशारकीनंच. ती बटाटे सोलत होती. सुरी तशीच हातात धरून ती ऐकत राहिली.

"म्हणजे ती बिचारी समजतेय की तिच्या पोराला पकडून नेतायत?"

"मी तसं म्हटलं नाही."

"नाही, तू कशाला म्हणशील? तू पेनं सरळ केलीस." आणि बटाट्यांकडे वळून म्हणाली, "ते चीज माझ्या घरात कापायचं नाही."

मी म्हटलं, तुला काय कळतं भरतीतलं. पण चीज अजून ओट्यावर तसंच आहे, आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचीसुद्धा मला लाज वाटतेय.

६ मार्च, बुधवार

पुन्हा आल्या. या वेळी दाखला नाही, चीज नाही. बसल्याही नाहीत.

"साहेब, मी पाठवलंच नाही त्याला, तर?"

शेजारच्या न्हाव्याकडे रेडिओ चालू होता. मला वाटलं, आता सांगून टाकावं. शपथेवर सांगतो, वाक्य जिभेवर आलं होतं. बाई, कुणी न्यायला येणार नाही, पोराला विचारा. पण शुक्रवारी मेजरना काय सांगू? आणि पोरगा? त्यालाही कबूल केलंय. मी म्हणालो, "पूर्वी नकार देणाऱ्याला तुरुंगात टाकत."

"पूर्वी," त्या म्हणाल्या.

"हो."

"बरं." दारापर्यंत गेल्या, वळल्या. "तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगी आहे. माद्रिदला असते. नर्स आहे."

"ती आपणहून गेली का?"

"आपणहूनच. निघाली तेव्हा तिची आई आठ दिवस रडत होती."

"रडू दिलंत ना तिला. छान केलंत," असं म्हणून त्या गेल्या. काय बोलायचं होतं त्यांना कोण जाणे! गावाकडची माणसं एक बोलतात नि भलतंच सुचवतात. दिवसभर कानांत तेच घुमत राहिलं आणि दुपारी जेवण गेलं नाही.

१५ मार्च, शुक्रवार

आज जे केलं ते लिहू नये असं वाटतंय. पण लिहितो. एल्वीराला सांगायची छाती नाही.

सोमवारी आबिलियोला प्रशिक्षण केंद्रावर जायचंय. तो आज आला. रात्रभर झोपला नव्हता. एका गाईला वासरू होताना त्रास झाला होता, आई आणि तो मिळून दोर लावून ओढत होते. "ती एकटी कशी ओढणार, साहेब?" एवढंच तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "आता नको म्हणता येतं का?"

येतं. सोमवारी सकाळी बसच्या पायरीवरूनसुद्धा येतं. तिथं गेल्यावरही, प्रशिक्षण संपेपर्यंत, एक कागद लिहून दिला की माणूस मोकळा. ही सूचना माझ्या पाठीमागच्या भिंतीवर लावायला दिली होती. ती मी लावलीच नाही.

मी म्हणालो, "तू साऱ्या गावासमोर सही केलीस. खांद्यावरून मिरवलं तुला. आता मागं फिरलास तर लोक काय म्हणतील? चौकात योग्य ठरलेला पोरगा, आणि आईच्या पदराआड लपला?" पोरगा कानापर्यंत लाल झाला. त्या डोंगरातल्या गावांत अयोग्य ठरलेल्याला म्हातारपणापर्यंत चिडवतात. मला ते ठाऊक होतं आणि मी बरोबर तिथंच बोट ठेवलं.

"नाही, साहेब. जातो," तो म्हणाला.

मेजरचा फोन आला. "किती?" मी म्हटलं, "एक. पक्का." ते म्हणाले, "हे बघा, जमायला लागलं तुम्हाला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१८ मार्च, सोमवार

बस गेली. बासिलिसाबाई आल्या होत्या. मायलेकांनी एकमेकांकडे धड बघितलंसुद्धा नाही. पोरगा बॅगेचा पट्टा सोडवत होता, बाई त्याच्या जॅकेटची चेन वर ओढत होत्या, ती आधीच वर होती. त्यांनी एकदा माझ्याकडे नजर टाकली. मी घड्याळ बघितलं.

१८ मे, शनिवार

दोन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही.

आज ध्वजाची शपथ होती. एल्वीरा म्हणाली, "तू जायला हवंस. निदान बघ तरी." गेलो. पोरं रांगेनं येऊन ध्वजाचं चुंबन घेत होती, बँड, ऊन, नटून आलेल्या आया, फोटो. आबिलियो वाळलाय. ओठ फुटलेत. नंतर सगळी पोरं आपापल्या घरच्यांकडे धावली. हा चालत आईकडे गेला. दोघांनी गाल लावले. तिनं त्याला सॉसेजचा सँडविच दिला, आणि तो आईकडे पाठ करून खाऊ लागला. हो, पाठ करून. रडत असेल असं नाही, तोंड दाखवायची लाज वाटत होती त्याला.

त्याच्या तुकडीचा सार्जंट माझा जुना ओळखीचा. म्हणाला, "तुझा पोरगा चांगला आहे रे, पण इथं मन नाही त्याचं. मी त्याला म्हटलं, जूनअखेरपर्यंत वेळ आहे, लिहून दे आणि घरी जा. म्हणतो, नाही जाऊ शकत. का, ते सांगत नाही."

का, ते मला माहीत आहे. घरी गेला तर आई विचारेल, सक्तीचं होतं ना, मग सोडलं कसं? त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नाही. दार मीच बंद करून ठेवलंय, आणि वर किल्लीची साखळी भेट दिलीय. असला मी सुभेदार!

२६ मे, रविवार

वाल्देरुएलाला गेलो. साध्या कपड्यांत. वर्दी घालायची हिंमत झाली नाही.

बाई गोठ्यात होत्या. मी दारातच, कुणी विचारायच्या आत, बोलून टाकलं. म्हणालो, "बाई, सक्ती नव्हती. जानेवारीपासून कुणालाच नाही. तुमचा मुलगा आपणहून गेला. आणि जायच्या आधी नको म्हणायला आला होता, तेव्हा मी त्याला लाजवून पाठवला. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. माझ्या कामासाठी."

त्यांचं दूध काढणं थांबलं नाही. "माहीत आहे," म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"सक्ती नाही ते. टीव्ही माझ्याही घरात आहे, साहेब. पाद्रीबाबांनी तर वर्षाच्या पहिल्या दिवशी देवळात सांगितलं, पोरांच्या आयांनो, देवाचे आभार माना म्हणून."

मी तिथंच गवताच्या भाऱ्यावर बसलो. "मग चौकात? मग कचेरीत?"

त्यांनी बादली बाजूला ठेवली, हात पुसले. त्यानंतर जे बोलल्या ते शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"त्याला जायचंय हे मला दोन वर्षांपासून दिसत होतं. रस्त्यानं ट्रक गेला की हातातलं काम सोडून बघत राहायचा. मी विचारलं असतं तर राहिला असता. माझ्यासाठी राहिला असता, आणि जन्मभर ट्रक गेला की आधी ट्रककडे नि मग माझ्याकडे बघितलं असतं. ते मला नको होतं. म्हणून मी चौकात हरकत घेतली. म्हटलं, हा वर्दीतला माणूस सगळ्यांसमोर सांगेल, बाई, आता कुणाला सक्ती नाही, ज्याला यायचं त्यानं यावं. मग आबिलियोला आपल्या तोंडानं बोलावं लागलं असतं. आई, मला जायचंय. मी रडले असते, आणि बॅग भरून दिली असती. संपलं असतं. तुम्ही पट्टी आपटलीत."

मी मान खाली घातली होती.

"मग तुमच्या दारात आले. एकदा, दोनदा. म्हटलं, एकटा असेल तेव्हा तरी बोलेल. तुम्ही बोललाच नाहीत."

"तुम्ही त्याला सांगितलं का नाहीत? बसपाशी?"

"काय सांगू? तू मला फसवतोयस ते मला कळलंय, असं? आईनं पोराला असं सांगायचं असतं का?"

मी म्हणालो, उद्याच जातो, त्याला सांगतो की तुम्हाला सगळं ठाऊक आहे, मग तो बिनघोर घरी येईल. त्या पटकन म्हणाल्या, "नाही! तुम्ही काही सांगू नका. त्याचं तोंड त्याला उघडू द्या. तुमच्याकडून नको." मला गोठ्याच्या दाराशी सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही उशिरा का होईना आलात." हे त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं, आणि तेच सहन झालं नाही. घाटात गाडी बाजूला घेऊन ढसाढसा रडलो, बावन्न वर्षांचा गाढव.

८ जून, शनिवार

केंद्रावर गेलो. बाईंनी नको म्हटलं होतं. एल्वीराही म्हणाली, "तिनं नको म्हटलंय ना? एकदा तरी दुसऱ्याचं ऐक." पण जूनअखेरची मुदत जवळ येत होती. आठवडाभर मी स्वतःला बजावत होतो की इतके दिवस गप्प बसून वाटोळं केलंस, आता बोलायला हवंस.

फाटकासमोरच्या टपरीत बसलो. आबिलियोनं कोला घेतला. मी आधी भिंतीवर न लावलेल्या सूचनेचं सांगितलं. तो म्हणाला, "सार्जंटनं सांगितलंय ते. पण घरी जाऊन आईला काय सांगू? की मी खोटं बोललो?"

मी म्हणालो, "काहीच सांगायला नको. तिला माहीत आहे."

"काय?"

"सगळं. सक्ती नव्हती ते. तू आपणहून गेलास ते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं होतं, छातीवरचा दगड उतरल्यासारखं होईल, चौदा फेब्रुवारीला झाला होता तसा त्याचा चेहरा मोकळा होईल. त्यानं बाटलीवरचा कागद नखानं सोलत सोलत पार काढून टाकला. मग म्हणाला, "म्हणजे मला राहता येत होतं, हे तिला माहीत होतं?"

"हो, पण..."

"आणि तरी तिनं मला जाऊ दिलं?"

मी भराभरा बोललो. ट्रकचं बोललो, हरकतीचं बोललो, तुला तुझ्या तोंडानं बोलता यावं म्हणून तिनं सगळं केलं, असं म्हणालो. माझ्या तोंडून ते सगळं एखाद्या वकिलानं बोलल्यासारखं निघत होतं. तो मान हलवत होता, पण काही ऐकत नव्हता. मला त्या बाईच्या शब्दांतलं अर्धंसुद्धा नीट सांगता आलं नाही. म्हणून तर ती नको म्हणत होती.

"रोज रात्री मला वाटायचं," तो म्हणाला, "ती तिकडे माझ्यासाठी भांडत असेल. कुणाकुणाच्या दारात जात असेल. सोडा माझ्या पोराला म्हणत असेल."

मग उठला, टोपी घातली. सलाम ठोकला, अगदी शिकवल्यासारखा कडक. सप्टेंबरमध्ये कोसोवोला शांतिसेनेची तुकडी जातेय, तिच्यासाठी नावं मागवलीत, असं तो मघाशी सांगत होता. आधी नाव देणार नव्हता. "आता देतो," म्हणाला, आणि फाटकातून आत गेला.

११ जून, मंगळवार

दुपारी कचेरीत फोन. मी मेजरचा समजून उचलला. बासिलिसाबाई होत्या, गावातल्या खानावळीतून बोलत होत्या, मागे पत्त्यांचा गोंगाट.

"आबिलियोचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "कोसोवोला चाललोय म्हणाला. आपणहून नाव दिलंय म्हणाला. साहेब, त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं! मीही म्हणून टाकलं, जा बाळा. तो जरा गप्पच होता, पण तसा तो मुळातच अबोल. तुम्ही गेला होतात का त्याला भेटायला?"

"गेलो होतो."

"सांगितलंत त्याला?"

"सांगितलं."

पलीकडे पत्ते आपटल्याचा आवाज आला. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "काय म्हणाला?"

मी समोरच्या भिंतीकडे बघत होतो. खरं सांगायचं ठरवून मी गेल्या पंधरवड्यात दोनदा गाडी काढली होती. आता ते सांगायचं म्हणजे त्याचा तो 'तरी तिनं मला जाऊ दिलं?' हा प्रश्न जशाचा तसा त्यांच्यापुढे ठेवायचा.

"हसला," मी म्हणालो. "म्हणाला, आईला सगळं कळतं."

बाई फोनवर रडायला लागल्या. आनंदानं. मग नाक पुसून म्हणाल्या, "मी उगीच तुम्हाला नको म्हणत होते. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. देव तुमचं भलं करो, साहेब," आणि फोन ठेवला.